जवळच जा, थोडाच वेळ जा, पण पुन्हा पुन्हा जा

प्रश्न : माझा मुलगा वीस महिन्यांचा आहे. मी आणि माझे पती दोघेही नोकरी करतो, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी त्याला कुठेतरी छान ठिकाणी न्यावे असे आम्हांला मनापासून वाटते. पण प्राणिसंग्रहालयात नेले, तेव्हा त्याने हत्तीकडे ढुंकूनही पाहिले नाही आणि दाराजवळच्या पाण्याच्या नळाशीच तो खेळत बसला. मोठ्या खेळघरात नेले, तर तो माझ्या पायांना चिकटून राहिला. बागेतून निघायची वेळ झाली की तो जमिनीवर लोळण घेतो आणि शेवटी हात धरून ओढतच आणावे लागते. सासूबाई म्हणतात, एवढ्याशा पोराला बाहेर नेऊन काय कळणार, घरीच खेळू दे. नणंद म्हणते, त्याला इतर मुलांची सवय नाही, लवकर शिशुवर्गात घाला. सुट्टीच्या संध्याकाळी आम्ही दोघेही इतके दमलेले असतो की पुढच्या सुट्टीचा विचारही नकोसा वाटतो. त्याला कुठे न्यावे, किती वेळ न्यावे आणि परत कसे आणावे?
– एक आई

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात त्या नळाचा उल्लेख ओझरता आला आहे, पण मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटला. मुलाला सहल आवडली नाही असे तुम्हांला वाटले. माझ्या मते त्याची सहल चांगली झाली, फक्त ती नळापाशी झाली. वीस महिन्यांचे मूल साधारण ८० ते ८५ सेंटीमीटर उंच असते. गर्दीत त्याच्या डोळ्यांसमोर मोठ्या माणसांचे पाय, हातातल्या पिशव्या आणि कठड्याच्या सळ्या येतात. आपण बोटाने दाखवतो तो हत्ती खंदकापलीकडे, बराच लांब आणि बहुधा निश्चल उभा असतो. कडेवर घेतल्यावर तो दिसला, तरी त्याला हात लावता येत नाही, ढकलता येत नाही आणि आपल्या करण्याने त्याच्यात काही बदल घडवता येत नाही. नळ मात्र हाताच्या अंतरावर असतो, फिरवला की पाणी येते, उलटा फिरवला की थांबते, बोट लावले की धार फुटते. आपण काही केले की समोर काही घडते, याचा शोध घेणे हे या वयाचे मुख्य काम आहे आणि तुमचा मुलगा ते मन लावून करत होता.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की, प्रेक्षणीय स्थळांचा विचार निदान वर्षभर बाजूला ठेवा. घरापासून पायी दहा-पंधरा मिनिटांत गाठता येतील अशा दोन-तीन जागा निवडा आणि त्याच जागी वारंवार जा. मोठ्यांना एकाच ठिकाणी पुन्हा जाण्यात कंटाळा वाटतो, परंतु लहान मुलासाठी ओळखीची जागा ही अधिक खोलवर पाहण्याची संधी असते. पहिल्या भेटीत ते आईच्या पायांमागून सगळे न्याहाळते, पुढच्या भेटीत चार पावले पुढे जाऊन मागे वळून पाहते आणि मग कधीतरी आपणहून हात सोडते. खेळघरात तुमचा मुलगा चिकटून राहिला, यात काळजीचे काही नाही. मोठा आवाज, अनोळखी चेहरे आणि झगझगीत दिवे असलेल्या जागेत आईजवळ थांबून अंदाज घेणे, हे त्याच्या दृष्टीने अगदी शहाणपणाचे वागणे होते. तिथे पहिल्याच भेटीत त्याने धावत सुटावे, ही अपेक्षा आपली असते.

‘फिरायला नेणे’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पोहोचायचे ठिकाण येते आणि वाटेतला वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. चालायला शिकणाऱ्या मुलांच्या हालचालींचा अनेक वर्षे अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ कॅरन अॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये एक निरीक्षण प्रसिद्ध केले. १२ ते १९ महिन्यांची मुले मोकळेपणाने खेळताना तासाभरात सरासरी २,३६८ पावले टाकत होती, सुमारे ७०० मीटर चालत होती आणि १७ वेळा पडत होती. याच संशोधकांच्या पुढच्या कामात असेही दिसले की, या वयातली मुले पुष्कळदा कुठल्याच ठरावीक वस्तूकडे निघालेली नसतात. ती चालण्यासाठीच चालतात आणि वाटेतच कुठेही थांबतात. ही गोष्ट एकदा मनापासून पटली की सुट्टीचे निम्मे ओझे उतरते. फाटकापासून कोपऱ्यापर्यंतचा रस्ता हीच त्या दिवसाची सहल होऊ शकते.

अशा रस्त्यावर काय घडते, ते एकदा घाई न करता पाहा. पदपथाची कड साधारण वीतभर उंच असते. मूल तिच्यापाशी थांबते, एक पाय वर ठेवते, तोल जातो, हात टेकते, गुडघा वर घेते आणि उभे राहते. मग लगेच वळून खाली उतरते आणि पुन्हा चढते. त्यानंतर त्याला गटाराची जाळी सापडते. तिच्या फटीतून एक खडा आत टाकला की ‘डुब’ असा आवाज येतो. दुसरा खडा मोठा असतो, तो फटीत अडकतो. मूल तो दाबते, फिरवते, काढून बाजूला ठेवते आणि त्याहून लहान खडा शोधायला निघते. वाळलेले पान टाकले तर आवाजच येत नाही, म्हणून ते ओणवे होऊन आत डोकावते. यात अर्धा तास सहज जातो. आकारमान, वजन, आवाज आणि तोल यांचे जे धडे त्याने या वेळात स्वतःच्या हाताने गिरवले, ते कोणत्याही महागड्या खेळण्यातून त्याला याहून चांगले मिळाले नसते. अशा वेळी तुम्ही शेजारी उकिडवे बसा, जमल्यास त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर या आणि ते ज्याकडे पाहत आहे त्याचेच नाव घ्या. ‘तो बघ पक्षी’ असे म्हणून त्याचे लक्ष वळवण्यापेक्षा ‘खडा पाण्यात पडला’ एवढे म्हणणे अधिक उपयोगी, कारण मुलाचे लक्ष ज्या वस्तूवर आधीच असते तिचे नाव त्याच्या कानी पडले की तो शब्द त्याला लवकर उमगतो. हा खेळ अर्थातच रहदारी नसलेल्या जागी, तुमचा हात त्याच्यापर्यंत पोहोचेल अशा बेताने आणि नंतर हात स्वच्छ धुण्याच्या तयारीनेच व्हावा.

जागा निवडताना मी तीनच गोष्टी पाहते. मुलाला वीस-पंचवीस पावले मोकळेपणी हात सोडून चालता यावे, तिथे हलवण्या-उचलण्याजोगे काहीतरी असावे आणि तिथून घरी परतणे सोपे असावे. या कसोटीला उतरणाऱ्या कितीतरी जागा आपण सहल म्हणून मोजतच नाही. एखाद्या बसथांब्याजवळच्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या पाहणे, हा दोन वर्षांच्या आतल्या बहुतेक मुलांचा अत्यंत आवडता कार्यक्रम असतो. बांधकामाच्या ठिकाणी सुरक्षित अंतरावर उभे राहून माती उपसणारे यंत्र खाली-वर होताना पाहणे, रोपवाटिकेतल्या कुंड्यांच्या रांगांमधून चालणे, सकाळच्या कमी गर्दीच्या वेळी भाजीबाजारात जाऊन एखादा बटाटा स्वतःच्या हाताने पिशवीत टाकणे, शाळा सुटल्यानंतरच्या रिकाम्या मैदानात चेंडू लोटत जाणे, रुंद आणि उथळ पायऱ्यांवर चढणे-उतरणे, या सगळ्या पूर्ण सहली आहेत. वाचनालयात लहान मुलांचा कोपरा असेल, तर तिथे जाऊन जाड पुठ्ठ्याची पुस्तके खाली-वर करू द्या. तिथे पाच मिनिटे बसणेही पुष्कळ झाले. बागेत जाणारच असाल, तर खेळण्यांच्या विभागाऐवजी गवताच्या, पाचोळ्याच्या आणि वाळूच्या भागात आधी जा. वाळू, एक वाटी आणि एक चमचा एवढ्यावर या वयाचे मूल जितके रमते, तितके ते झोपाळ्यावर रमत नाही.

आता वेळेविषयी. चाळीस मिनिटे ते तासभर एवढा वेळ बाहेर पुरेसा आहे आणि हा वेळ मुलाच्या झोपेच्या व जेवणाच्या मधल्या भागात बसवायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार १ ते २ वर्षांच्या मुलाला दिवसाच्या झोपेसह ११ ते १४ तास झोप हवी, दिवसभरात विखुरलेली मिळून किमान १८० मिनिटे शारीरिक हालचाल हवी आणि बाबागाडीत किंवा तत्सम आसनात त्याला एका वेळी तासाभरापेक्षा अधिक जखडून ठेवू नये. या आकड्यांकडे नीट पाहिले तर मोठ्या सहलीची अडचण ध्यानात येते. दीड तास वाहनात बांधून बसवलेले, दुपारची झोप हुकलेले आणि जेवणाची वेळ टळलेले मूल आपल्या निश्चित ठिकाणी पोहोचते, तेव्हाच ते थकलेले असते, आणि त्यानंतर ते जे रडते त्याला आपण हट्ट म्हणतो. बहुतेक मुलांच्या बाबतीत सकाळची न्याहारी झाल्यानंतरचा तास सर्वांत चांगला जातो. तुमच्या मुलाची प्रसन्न वेळ कोणती, हे तुमच्याइतके कुणालाच ठाऊक नसेल. ती वेळ सहलीला द्या आणि घरकाम नंतर करा. चालत जायचे असेल तर जाताना त्याच्या पायांनी आणि येताना बाबागाडीतून किंवा कडेवरून, असा हिशेब ठेवा. जाताना तो उत्साहाने जितका लांब जाईल, तितकेच परतायचे असते हे त्याला कळत नाही, ते आपल्यालाच पाहावे लागते.

परत आणण्याचा प्रश्न तुम्ही अखेरीस विचारला आहे, पण त्यातला एक भाग मला तातडीचा वाटतो. कृपया मुलाला हाताला धरून ओढू नका. १ ते ४ वर्षांच्या मुलांच्या कोपराच्या सांध्यातले अस्थिबंध अजून सैल असतात. मूल खाली बसलेले असताना किंवा लोळत असताना मनगटाला धरून झटकन वर उचलले, तर कोपराजवळचे हाड आपल्या जागेवरून किंचित निसटू शकते. दोन्ही हातांना धरून मुलाला झुलवण्याच्या खेळातही हेच होऊ शकते. असे झाले की सूज फारशी दिसत नाही, पण मूल तो हात वापरणे एकदम थांबवते आणि थोडा वाकवून अंगाशी धरून ठेवते. घरी चोळून किंवा ओढून पाहू नये. डॉक्टर तो सांधा सहसा काही क्षणांत जागेवर बसवतात. मूल उचलायचेच असेल, तर दोन्ही काखांखाली हात घालून उचला.

मुळात ओढण्याची वेळ कमी यावी म्हणून निघण्याची तयारी आधीपासून करावी लागते. ‘पाच मिनिटांनी निघू’ या वाक्याला वीस महिन्यांच्या मुलाच्या लेखी काहीच अर्थ नसतो, कारण मिनिट म्हणजे काय हे त्याला ठाऊक नाही. त्याऐवजी दिसणारी, मोजता येणारी गोष्ट सांगा. ‘आता आणखी दोनदा घसरायचे, मग फाटकाची कडी तू लावायचीस’ असे म्हणा आणि खरोखर दोनदाच घसरू द्या. निघताना त्याच्या हाताला काही काम असले, म्हणजे कडी लावणे, पिशवी धरणे, बाबागाडी ढकलणे किंवा झाडाला ‘टाटा’ करणे, तर जाणे हेही त्याला खेळाचाच पुढचा भाग वाटते. दर वेळी निघण्याचा क्रम तोच ठेवला, तर काही दिवसांत तो त्याच्या अंगवळणी पडतो. तरीही तो लोळण घेईल, अशा वेळा येतीलच. त्या वेळी भोवतीच्या लोकांकडे पाहू नका. त्याच्याजवळ बसा, ‘तुला अजून खेळायचे आहे, मला कळते’ एवढे शांतपणे म्हणा आणि आवेग थोडा ओसरला की त्याला उचलून चालू लागा. त्याने रडणे थांबवावे म्हणून आणखी दहा मिनिटे थांबण्याची सवलत देऊ नका, कारण मग दर वेळी दहा मिनिटे मिळवण्याचा तो मार्ग ठरतो. थोडक्यात, निर्णय तुमचा राहू द्या, पण त्याच्या दुःखाला मज्जाव करू नका.

तुमच्या नणंदेच्या म्हणण्याविषयी एवढे सांगते की, त्यांची काळजी प्रेमापोटी आहे, पण घाईची आहे. मिल्ड्रेड पार्टन या अभ्यासिकेने १९३२ मध्ये लहान मुलांच्या खेळाचे जे टप्पे मांडले, त्यांत शेजारी शेजारी बसून आपापला खेळ खेळण्याचा एक टप्पा आहे आणि लहान वयात तोच प्रामुख्याने दिसतो. तुमचा मुलगा वाळूत दुसऱ्या मुलाशेजारी बसून त्याच्याकडे पाहत, पण त्याच्याशी न बोलता वाटी भरत असेल, तर त्याचे समाजात मिसळणे सुरू झाले आहे असेच समजा. त्याला ‘जा, त्याच्याशी खेळ’ म्हणून पुढे ढकलू नका आणि हातातली वाटी दुसऱ्याला द्यायला भाग पाडू नका. वाटून घेण्याची समज यायला अजून अवकाश आहे. बागेत जाताना दोन वाट्या नेल्या, तर हा प्रश्न बहुतेक वेळा उद्भवतच नाही. शिशुवर्गाचा निर्णय तुम्ही घराच्या सोयीने घ्या, मूल एकलकोंडे होईल या भीतीने घेऊ नका.

सासूबाईंच्या मताशी मी सहमत नाही, पण त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांना एकदा बरोबर न्या, असे मी सुचवेन. लहान मुलाच्या गतीने चालायला घरातल्या आजी-आजोबांइतका योग्य सोबती दुसरा नाही. त्यांनाही थांबायचे असते आणि त्यालाही. ‘त्याला काय कळते’ या प्रश्नाचे उत्तर नातवाने त्यांच्या तळहातावर ठेवलेला पहिला खडा त्यांना माझ्यापेक्षा चांगले देईल. घरात दिवसभर तीन तास हालचाल करायला फारच थोड्या घरांत पुरेशी जागा असते, हेही त्यांच्या कानावर घालायला हरकत नाही.

थोडी सावधगिरी मात्र कसोशीने पाळा. पाणी दिसले की मूल तिकडे जाणारच. डबक्यात पाय आपटू द्या, पण तळे, कारंजे, हौद किंवा भरलेली बादली जवळ असेल तेव्हा मूल हाताच्या अंतरावरच असले पाहिजे. काही सेंटीमीटर खोल पाण्यातही लहान मूल बुडू शकते आणि ते बहुधा आवाज न करता बुडते, त्यामुळे त्या वेळी फोन पिशवीतच असू द्या. घसरगुंडीवर मुलाला मांडीवर घेऊन घसरणे सुरक्षित वाटते, पण मोठ्या माणसाच्या वजनाने वेग वाढतो आणि मुलाचा पाय कडेला किंवा आपल्या पायाखाली अडकला तर नडगीचे हाड मोडू शकते. त्याला लहान घसरगुंडीवर एकट्याला बसवा आणि बाजूने आधार द्या. धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या घसरगुंडीला आधी स्वतःचा हात लावून पाहा, कारण उन्हात तापलेल्या पृष्ठभागाने मुलाची कोवळी त्वचा लगेच भाजते. गळ्यात दोरी, गोफ किंवा टोपीचा बंद असेल तर खेळण्यांवर चढण्याआधी तो काढा. ऊन लागू नये म्हणून बाबागाडीवर जाड कापड पांघरू नका. त्याने हवा कोंडते आणि आतली उष्णता वाढते, त्यापेक्षा सावलीचा रस्ता आणि टोपी बरी. खाऊ एका जागी बसवूनच द्या. चालता-पळता तोंडात घास असला की घशात अडकण्याचा धोका असतो, आणि अख्खी द्राक्षे किंवा शेंगदाणे तर या वयात मुळीच नकोत.

पिशवी हलकी ठेवा. पाणी, थोडा खाऊ, बदलायचा एक कपडा, लंगोट, पुसायला ओला रुमाल आणि एक मोकळी थैली एवढे सामान पुरते. ती रिकामी थैली खडे, पाने आणि काटक्या घरी आणण्यासाठी लागते. पाऊस किंवा कडाक्याचे ऊन असेल त्या दिवशी बाहेर जाणे हुकले तर मनाला लावून घेऊ नका, पण रिमझिम पाऊस हे न जाण्याचे कारण नव्हे. अंग ओले झाले तर घरी येऊन पुसता येते. ज्या दिवशी बाहेर पडणे अशक्य असेल, त्या दिवशी इमारतीच्या जिन्यावर हात धरून एक मजला चढणे-उतरणे एवढेही चालते.

राहिला तुमच्या दोघांच्या थकव्याचा प्रश्न. सुट्टीची सहल दोघांनी मिळूनच करायला हवी, असा नियम कुणी केलेला नाही. एका सकाळी बाबांनी त्याला घेऊन जावे आणि त्या तासात तुम्ही झोपा, वाचा किंवा नुसत्या बसून राहा. दुसऱ्या सुट्टीला तुम्ही जा. सारा भार एकाच दिवसावर टाकू नका. कामावरून परतल्यावर कोपऱ्यापर्यंतचा पंधरा मिनिटांचा फेरफटका आठवड्यातून दोन-तीनदा जमवला, तर सुट्टीच्या दिवसाकडून असलेल्या अपेक्षा आपोआप कमी होतील. येत्या सुट्टीला मात्र कुठेही जायचे ठरवू नका. न्याहारी झाल्यावर त्याला बूट घाला, फाटक उघडा आणि तो डावीकडे वळला तर डावीकडे, उजवीकडे वळला तर उजवीकडे त्याच्या मागे चालत राहा. चाळीस मिनिटांनी त्याला उचलून घरी आणा.